सॉफ्टवेअरचा रतीब

महिन्याच्या सुरुवातीला आपल्या सगळ्यांचेच मोबाइल जरा जास्त बोलायला लागतात, नाही का? पगार जमा झाल्याचा एक गोड मेसेज, आणि त्याच्या पाठोपाठ पैसे गेल्याचे सात-आठ. गाणी, सिनेमे, फोटो ठेवायची जागा, जिम, कुठलंतरी ॲप... शंभर, दोनशे, पाचशे. एकेक आकडा किरकोळ. बेरीज केली की मात्र डोळे पांढरे होतात! आणि गंमत बघा, यातलं काहीच आपण 'घेतलेलं' नसतं. ते फक्त 'चालू' असतं.

आमच्या आजीला हे प्रकरण समजावून सांगायला गेले, तर तिने दोन मिनिटांत फंडा क्लिअर केला. "म्हणजे रतीबच की गं! दुधाचा असतो तसा."

सॉलिड! सबस्क्रिप्शन या बोजड शब्दाला इतका चपखल मराठी शब्द आपल्याकडे आधीपासूनच होता. रोज सकाळी दाराशी दूध, दाराच्या कडीत पेपर आणि महिन्याच्या शेवटी बिल. गाय आपली नाही, छापखाना आपला नाही. पण चहा मात्र वेळेवर.

आता हा रतीब दुधाचा, पेपरचा असतो तोवर ठीक. पण ज्यावर तुमचं पोट चालतं त्या हत्याराचाच रतीब लावावा लागला तर? सुताराला करवत महिन्याच्या भाड्याने, शिंप्याला कात्री वर्गणीवर? माझ्या पिढीच्या हजारो डिझायनर, फोटोग्राफर आणि माझ्यासारख्या फ्रीलान्स मंडळींच्या बाबतीत नेमकं हेच झालंय. आणि ते एका कंपनीने इतकं व्यवस्थित, ठरवून केलं की आज मॅनेजमेंटच्या वर्गात त्याचे धडे दिले जातात. कंपनीचं नाव ॲडोबी. फोटोशॉपवाली.

मी पत्रकार आहे, फ्रीलान्स. लेख लिहिते, आणि महिन्याचं गणित जमावं म्हणून छोट्या कंपन्यांची न्यूजलेटर्स आणि ब्रोशर्सही लावून देते. त्यामुळे पानं लावायचं सॉफ्टवेअर माझ्या रोजच्या कामाचं. पण आमच्या घरात ते माझ्या आधीपासून आहे. माझ्या बाबांचं अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या एका बोळात डीटीपीचं दुकान आहे. तीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, एखाद्या दिवाळी अंकाची पानं. त्या दुकानातल्या टेबलाखाली बसून मी होमवर्क केलाय.

येत्या दिवाळीनंतर दुकान बंद होणार आहे. बाबा थकलेत, पत्रिका व्हॉट्सॲपवर गेल्यात. शटर खाली ओढायला काही लागत नाही. प्रश्न आहे तो आत असलेल्या तीस वर्षांच्या कामाचा. त्याबद्दल सांगतेच, पण आधी ॲडोबीची गोष्ट.

जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की हे दोघे झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात होते. तिथून बाहेर पडून डिसेंबर १९८२ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. वॉर्नॉकच्या घरामागून ॲडोबी नावाचा एक ओढा वाहायचा, तेच नाव कंपनीला! त्यांनी बनवलेली पोस्टस्क्रिप्ट ही भाषा प्रिंटरला सांगायची की कागदावर अक्षर, रेघ, चित्र नेमकं कुठे आणि कसं उमटवायचं. १९८५ मध्ये ॲपलच्या लेझररायटर प्रिंटरमध्ये ती आली, त्याच वर्षी ऑल्डस कंपनीचं पेजमेकर आलं, आणि टेबलावर पान लावायचं युग सुरू झालं. डेस्कटॉप पब्लिशिंग, म्हणजे आपलं डीटीपी. खिळे जुळवणारे कंपोझिटर गेले आणि बोळाबोळांत बाबांसारखे लोक आले. १९९० मध्ये फोटोशॉप आलं. १९९४ मध्ये ॲडोबीने ऑल्डसच विकत घेतली, आणि पेजमेकर त्यांचं झालं.

या सगळ्या काळात सॉफ्टवेअर खोक्यात मिळायचं. खोका, आत सीडी, जाडजूड पुस्तक आणि सीरियल नंबर. पैसे एकदाच मोजायचे. दीड-दोन वर्षांनी नवीन आवृत्ती आली आणि परवडली तर घ्यायची, नाहीतर जुन्यावर भागवायचं.

बाबांनी पेजमेकर ७ चा ओरिजिनल खोका २००२ मध्ये घेतला. एका बँकेचं अहवाल छापायचं काम मिळालं होतं आणि त्यांची अटच होती, सॉफ्टवेअर बिलाचं हवं. आईच्या भिशीचे पैसे त्यात गेले. "त्या पैशात सेकंडहँड स्कूटर आली असती," असं आई अजून म्हणते. तो खोका आजही दुकानात गणपतीच्या फोटोशेजारी आहे. दसऱ्याला त्याला झेंडूचं फूल वाहिलं जातं. हसू नका, खरंच!

बाबांच्या दृष्टीने हा खोका म्हणजे व्यवहाराची सर्वांत स्वच्छ रीत. "पैसे दिले, वस्तू माझी. नंतर मला कुणी विचारायचं नाही."

पण हीच स्वच्छ रीत ॲडोबीला जड जात होती. दुकानदाराच्या जागी बसून बघा. ज्याने खोका घेतला तो पुढची तीन-चार वर्षं तुमच्याकडे फिरकत नाही. नवा खोका खपवायचा तर त्यात काहीतरी भन्नाट नवीन हवं. २००८ ची मंदी आली तशी लोकांनी सरळ खरेदी लांबणीवर टाकली. काम जुन्यावर चालत होतंच की! २००८ च्या आर्थिक वर्षात कंपनीचं उत्पन्न ३.५८ अब्ज डॉलर होतं, ते पुढच्याच वर्षी २.९५ अब्जांवर घसरलं. चांगल्या दिवसांतही विकल्या जाणाऱ्या प्रतींची संख्या फारशी वाढत नव्हती. उत्पन्न वाढायचं ते बरंचसं किंमत वाढवल्यामुळे. २०१२ च्या सीएस६ मालिकेत एकट्या फोटोशॉपची अमेरिकेतली किंमत ६९९ डॉलर होती, आणि सगळी सॉफ्टवेअर्स एकत्र हवी असतील तर २,५९९ डॉलर. नव्याने धंद्यात येणाऱ्या पोरापोरींनी एवढे पैसे आणायचे कुठून? मग ती जायची चोरीच्या सीडीकडे. आपल्याकडे काय चालायचं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

कंपनीचे सीईओ तेव्हा शंतनू नारायण. मूळचे हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे इंजिनीअर, १९९८ मध्ये ॲडोबीत आले आणि डिसेंबर २००७ मध्ये सीईओ झाले. म्हणजे खुर्चीत बसले आणि वर्षभरात मंदी! त्यांच्या टीमने ठरवलं, खोका बंद करायचा आणि रतीब सुरू करायचा. २०१२ च्या मे महिन्यात क्रिएटिव्ह क्लाउड सुरू झालं. सगळी सॉफ्टवेअर्स इंटरनेटवरून उतरवून घ्या, वर्षाचा करार करा आणि महिन्याला ४९.९९ डॉलर भरा. सुरुवातीला खोका आणि रतीब दोन्ही शेजारी शेजारी होते. पण ६ मे २०१३ ला लॉस एंजेलिसच्या परिषदेत जाहीर झालं की खोक्याची नवी आवृत्ती आता येणार नाही. सीएस६ हाच शेवटचा खोका.

लोक जाम भडकले. हजारोंनी ऑनलाइन निवेदनावर सह्या केल्या. पण खरी हिंमत वेगळीच होती. विचार करा, कालपर्यंत एका गिऱ्हाइकाकडून एकदम हजार-दोन हजार डॉलर यायचे, आजपासून पन्नास-पन्नास. पहिली दोन-तीन वर्षं गल्ला रिकामाच दिसणार! झालंही तसंच. उत्पन्न २०१२ मधल्या ४.४० अब्जांवरून २०१३ मध्ये ४.०६ अब्जांवर आलं. नफा तर ८३ कोटी डॉलरवरून २९ कोटींवर कोसळला. एखादी घाबरट कंपनी तिथेच मागे फिरली असती. यांनी मात्र शेअर बाजाराला आधीच सांगून ठेवलं होतं की नफ्याकडे बघू नका, दर तिमाहीला वर्गणीदार किती वाढले ते बघा. २०१३ च्या आर्थिक वर्षाअखेर ते १४ लाखांच्या वर गेले होते. २०२४ मध्ये कंपनीचं उत्पन्न साडेएकवीस अब्ज डॉलर झालं, आणि त्यातला ९० टक्क्यांहून जास्त भाग वर्गणीचा. सही ना?

आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाइकाचाही फायदा झालाच. २०१३ मध्येच फोटोग्राफरांसाठी महिना दहा डॉलरची योजना आली. सातशे डॉलरच्या उंबरठ्यावर अडलेली मुलं दहा डॉलरमध्ये आत आली. नवीन सोयीसाठी दोन वर्षं वाट बघायची गरज उरली नाही. माझंच घ्या ना. करिअरच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एकरकमी खोका घ्यायचे पैसे कधीच नसते. रतीब होता म्हणून मी धंद्यात उभी राहिले.

मग प्रॉब्लेम काय?

प्रॉब्लेम असा, की रतीबात चावी दुसऱ्याकडे असते. मे २०१४ मध्ये ॲडोबीची लॉग-इन यंत्रणा एक दिवसाहून जास्त वेळ बंद पडली. जगभरचे लोक डेडलाइन डोक्यावर घेऊन नुसते बसून. ऑक्टोबर २०१९ मध्ये तर कमालच झाली. अमेरिकेच्या सरकारी आदेशामुळे व्हेनेझुएलातल्या गिऱ्हाइकांची खाती बंद करणार असं कंपनीने जाहीर केलं. पुढे त्याच महिन्यात सरकारकडून परवाना मिळाला आणि सेवा चालू राहिली. पण ते मधले दिवस आठवा. कराकसमधल्या एखाद्या डिझायनरने काय गुन्हा केला होता? पैसे वेळेवर भरले होते, काम समोर होतं, आणि घराचं कुलूप कुणीतरी परस्पर बदलणार होतं.

आणि दुसरी गोष्ट, खाडा!

दुधाच्या रतीबाचं सगळं शहाणपण या एका शब्दात आहे. गावाला गेलो, खाडा. पाहुणे गेले, दूध उरलं, खाडा. कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारायची आणि महिन्याच्या शेवटी तेवढे पैसे वजा. आमची आजी खाड्यांचा हिशोब चोख ठेवायची, आणि दूधवाल्यानेही कधी वाद घातला नाही. आता मला सांगा, तुमच्या कुठल्या ॲपमध्ये खाडा आहे? या महिन्यात काम नाही, म्हणून पैसे नाहीत? छे! उलट सोडून जाणंच अवघड. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲडोबीविरुद्ध कोर्टात धाव घेतली ती याच मुद्द्यावर. 'करार वर्षाचा, पैसे महिन्याचे' या योजनेतून मधेच बाहेर पडलं तर दंड लागतो हे ठळकपणे सांगितलं जात नाही आणि रद्द करायची वाट मुद्दाम वाकडी ठेवलीय, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला आणि कोर्टात उत्तर देऊ असं सांगितलं. मला तक्रारीतला मुद्दा ओळखीचा वाटला. रतीब घ्या, पण खाडा मागू नका!

नोकरीवाल्यांना हे कदाचित तितकं टोचणार नाही. त्यांचं येणंही महिन्याचं आणि जाणंही महिन्याचं. पण फ्रीलान्सरचं येणं कसं असतं? नगावर. लेख दिला, छापून आला, बिल पाठवलं, आठवण केली, पुन्हा आठवण केली... आणि तीन महिन्यांनी पैसे. (आमचे हे साप्ताहिक सोडून, बरं का संपादकसाहेब!) जाणं मात्र बरोबर तारखेला. गेल्या पावसाळ्यात दोन क्लायंटनी एकदम पैसे अडकवले तेव्हा मी कागद घेऊन बसले. भाडं, किराणा, पेट्रोल यांना हात लावता येत नव्हता. उरल्या त्या वर्गण्या. सिनेमे बंद, गाणी बंद. पण डिझाइनच्या सॉफ्टवेअरची वर्गणी बंद केली तर पुढचं काम कशावर करणार? म्हणजे पैसे मिळवायचे असतील तर आधी पैसे भरा!

तो कागद मी बाबांना दाखवला. वाटलं होतं, आता खोक्याचं कौतुक ऐकावं लागणार. बाबांनी चष्मा वर केला, आकडे पाहिले आणि म्हणाले, "अगं, कंपनीने बरोबरच केलं."

"बाबा, तुम्ही असं म्हणताय?"

"मग? लग्नपत्रिकेवर माझं दुकान कधी चाललं का? मुहूर्त असले की रात्र रात्र जागरण, चातुर्मास आला की माशा मारा. दुकान तगलं ते शाळेच्या प्रश्नपत्रिकांवर. वर्षातून चार परीक्षा, ठरलेलं काम, ठरलेले पैसे. ते नसते तर तुझं कॉलेज झालं नसतं. त्या कंपनीलाही एवढंच हवं होतं, ठरलेले पैसे. तू पण तेच बघ. सगळं नगावर विकत बसलीस तर कायम अशीच धावत राहशील."

मास कम्युनिकेशनच्या दोन वर्षांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी कंपनीकडे फक्त गिऱ्हाईक म्हणून बघत होते, बाबा तिच्याकडे दुकानदार म्हणून बघत होते. खोक्याला फूल वाहणारा माणूसच मला सांगत होता की खोका विकून पोट भरत नाही.

मग मी एका क्लायंटला प्रस्ताव दिला. दर न्यूजलेटरचे वेगळे पैसे नकोत. महिन्याला ठरावीक रक्कम द्या, त्यात एक अंक आणि किरकोळ दुरुस्त्या. पाठवण्याआधी बाबांना वाचून दाखवला, तर त्यांनी एक ओळ वाढवायला लावली. अंक नको असेल तर दहा दिवस आधी कळवा, त्या महिन्याचे पैसे नाहीत. म्हणजे चक्क खाडा! मी म्हटलं, यात माझं नुकसान आहे. बाबा म्हणाले, "खाडा देणाऱ्या गवळ्याला लोक सोडत नाहीत." क्लायंट हो म्हणाला. अजून तरी एकदाच खाडा पडलाय. एकच क्लायंट आहे, लगेच उड्या मारण्यासारखं काही नाही. पण दर महिन्याला एका तारखेला पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो, आणि त्या दिवशी रात्री झोप बरी लागते.

आता राहिला दुकानातल्या तीस वर्षांच्या कामाचा प्रश्न. खोक्याची बाजू घेणाऱ्यांनी हेही ऐकावं. बाबांचं पेजमेकर त्यांचं स्वतःचं, शंभर टक्के. पण ते चालतं एका जुन्या कॉम्प्युटरवर, ज्यात विंडोज एक्सपी आहे. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्येच निरोप दिला. दोनदा त्याचा पॉवर सप्लाय गेला, दोनदा मी तपकीर गल्ली पालथी घालून जुना भाग शोधून आणला. पेजमेकरच्या फाइली उघडण्याची सोय इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्यांत होती, नंतरच्या क्लाउडवाल्या आवृत्त्यांत नाही. वर आमचे मराठी फॉन्ट जुन्या पद्धतीचे, युनिकोडच्या आधीचे. नवीन मशीनवर टाकले की 'चि. सौ. कां.'च्या जागी नुसत्या चिन्हांचा गोंधळ. मालकी होती, कुलूप कुणी बदललं नव्हतं, पण घरच हळूहळू खचत चाललं होतं. मालकीलाही निगा लागते, आणि ती निगा करणारा माणूस आता थकलाय.

वाट निघाली ती पुन्हा ॲडोबीच्याच दारातून. पीडीएफ! वॉर्नॉक यांच्या कल्पनेतून आलेली ही फाइल १९९३ मध्ये बाजारात आली. कुठल्याही मशीनवर पान जसंच्या तसं दिसावं, एवढीच कल्पना. २००८ मध्ये तिचा आंतरराष्ट्रीय मानक झाला, म्हणजे ती एका कंपनीच्या मुठीत राहिली नाही. आज पीडीएफ उघडायला ना खोका लागतो ना रतीब. ॲडोबीचं काही न घेताही ती बनवता येते, वाचता येते. ज्या कंपनीने हत्यारं भाड्याने द्यायला सुरुवात केली, तिनेच कधीतरी कागद सगळ्यांच्या हाती दिला होता. माझ्या कागदावरच्या हिशोबात हीही जमा मांडायला हवी.

सध्या दर रविवारी दुकानात हेच काम चालू आहे. बाबा पेजमेकरमध्ये एकेक जुनी फाइल उघडतात, पीडीएफ करतात, मी नावं देऊन वर्षाप्रमाणे लावते. फॉन्ट फाइलच्या पोटात जातात, त्यामुळे 'चि. सौ. कां.' शाबूत राहते. २००५ पर्यंत पोचलोय. मधेच एखादी पत्रिका उघडली की बाबा थांबतात. "यांचं लग्न मोडलं नंतर," किंवा "या स्मरणिकेचे पैसे अजून यायचेत!" कामाचा वेग अर्थातच बोंबलतो.

दोन हार्ड डिस्क घेतल्यात, एक त्यांच्या घरी, एक माझ्याकडे. क्लाउडवर ठेवायचं का, असं मी विचारलं तर बाबा म्हणाले, "ठेव की. पण महिन्याला किती?"